हेक्झेननेही ब्रोमीन जलाचा रंग घालवला! चुकलं कुठे?

काचनळी · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते, प्रयोगशाळा मात्र यंदाच माझ्या गळ्यात पडली आहे. आज मुलांसमोर संपृक्त (कार्बनमध्ये फक्त एकेरी बंध असलेले) आणि असंपृक्त (दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेले) हायड्रोकार्बन ओळखण्याचा प्रयोग केला आणि चांगलीच तोंडघशी पडले.

प्रयोग साधाच. एका परीक्षानळीत २ मिली हेक्झेन, दुसरीत २ मिली सायक्लोहेक्झीन. दोन्हींत २-२ मिली ब्रोमीन जल (पाण्यात विरघळवलेलं ब्रोमीन) घालायचं, बूच लावून हलवायचं. फळ्यावर मी शहाणपणाने आधीच लिहून ठेवलं होतं: 'संपृक्त : रंग तसाच राहतो. असंपृक्त : रंग नाहीसा होतो.'

सायक्लोहेक्झीनने माझा मान राखला. चार-पाचदा हलवल्यावर नारिंगी रंग साफ गेला. हेक्झेनची नळी हलवून स्टँडमध्ये ठेवली, तर खालचं ब्रोमीन जल बघता बघता फिकट होऊन जवळजवळ पाण्यासारखं दिसायला लागलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे पण असंपृक्तच की!" नळी नीट धुतलेली नसेल म्हणून दुसरी घेतली. पुन्हा तेच.

एवढ्यात मधली सुट्टी झाली. नळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गेलो. परत येऊन बघतो तर हेक्झेनच्या नळीत औषधालाही रंग नव्हता. आता निम्म्या वर्गाने वहीत 'हेक्झेन असंपृक्त आहे' असं लिहून ठेवलंय आणि उरलेल्या निम्म्यांनी फळ्यावरचं वाक्य उतरवलंय. या दोहोंत मला जास्त काळजी दुसऱ्या निम्म्यांची वाटते, पण ते असो. हेक्झेनची बाटली खराब आहे का? की ब्रोमीन जल जुनं?

थेंबेथेंबे · सोमवार, रात्री १०.०५

बाटलीत भेसळ. दुसरं काय असणार. स्वस्तातलं हेक्झेन म्हणजे पेट्रोलियमचा एक तुकडा, त्यात चार अल्कीन (दुहेरी बंधवाले हायड्रोकार्बन) सहज निघतील.

जुना_जर्नल · सोमवार, रात्री १०.३१

थेंबेथेंबे, भेसळ असू शकते, पण लगेच बाटलीवर आळ नको. काचनळी ताई, आधी दोन गोष्टी सांगा. पहिल्यांदा खालचं पाणी फिकट झालं तेव्हा *वरचा* थर कसा दिसत होता? आणि खिडकीत ऊन येतं का?

तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस आहे, म्हणून विचारतोय. ही तक्रार दरवर्षी एकदा तरी येते.

काचनळी · सोमवार, रात्री १०.४४

वरचा थर... आता आठवतंय, पिवळट-नारिंगी होता. आम्ही सगळे खालीच बघत होतो, कारण ब्रोमीन जल खाली होतं! आणि हो, त्या खिडकीत दुपारी चांगलं ऊन येतं.

जुना_जर्नल · सोमवार, रात्री ११.१०

मग तुमची बाटलीही चांगली आणि ब्रोमीन जलही चांगलं. तुमच्या नळीत लागोपाठ दोन वेगळ्या घटना घडल्या आणि तुम्ही दोन्हींना 'रंग गेला' असं एकच नाव दिलंत.

पहिली घटना. यात अभिक्रिया नाहीच. ब्रोमीनचा रेणू अध्रुवीय. पाण्यात तो नाइलाजाने राहतो, हेक्झेनमध्ये खुशीने. नळी हलवली की दोन्ही द्रवांची गाठ पडते आणि ब्रोमीन पाण्यातून उठून हेक्झेनमध्ये जाऊन बसतं. हेक्झेनची घनता ०.६६ च्या आसपास, म्हणून ते वर तरंगतं. खालचं पाणी फिकट, वरचा थर नारिंगी. ब्रोमीन जेवढं घातलं होतं जवळपास तेवढंच नळीत आहे, फक्त माडी चढलंय. याला निष्कर्षण म्हणतात.

सायक्लोहेक्झीनच्या नळीतही सायक्लोहेक्झीनच वर असतं (घनता ०.८१). पण तिथे ब्रोमीन वर पोचतं न पोचतं तोच दुहेरी बंध त्याला गिळून टाकतो, म्हणून *दोन्ही* थर रंगहीन होतात. तेव्हा फळ्यावरचं वाक्य पुसा आणि मुलांना नळीचे दोन थर वेगवेगळे काढायला लावा. वर कोणता रंग, खाली कोणता रंग. नुसत्या 'रंग नाहीसा झाला'ला अर्धा गुणसुद्धा देऊ नये, हे माझं मत. कडक वाटेल, वाटू दे.

दुसरी घटना उन्हातली. ती उद्या लिहितो, डोळे मिटायला लागलेत.

सहसंयुज · मंगळवार, सकाळी ७.२०

काकांचा उन्हाचा भाग मी पुढे नेतो, म्हणजे त्यांची झोप सार्थकी लागेल.

प्रकाशातली ऊर्जा ब्रोमीनच्या रेणूचे दोन तुकडे करते. हे सुटे ब्रोमीन अणू भलतेच आक्रमक. ते हेक्झेनमधला हायड्रोजन हिसकावतात, रिकाम्या जागी दुसरं ब्रोमीन येऊन बसतं आणि साखळी पुढे चालू राहते. ही प्रतियोजन अभिक्रिया. ब्रोमीन खरोखरच संपतं, रंग खरोखरच जातो. म्हणजे सुट्टीनंतर तुम्ही जे पाहिलंत ते खोटं नव्हतं, पण त्यातून दुहेरी बंध सिद्ध होत नाही.

दुहेरी बंधावर होते ती समावेशन अभिक्रिया. तिला ऊन लागत नाही, सावलीत, गार असतानाही ती चटकन होते. ब्रोमीनचा रेणू दुहेरी बंधाजवळ आला की मधे तीन कोपऱ्यांचं ब्रोमोनियम आयन तयार होतं (ही कल्पना रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी १९३७ मध्ये मांडली) आणि मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी येऊन ते उघडतं. 'कोणीतरी' म्हणालो ते मुद्दाम. ब्रोमीन जलात चहूकडे पाणीच पाणी, त्यामुळे पुष्कळदा ब्रोमाइडऐवजी पाण्याचाच रेणू हल्ला करतो. म्हणून इथीनमधून ब्रोमीन जलात १,२-डायब्रोमोइथेनपेक्षा २-ब्रोमोइथेनॉल जास्त मिळतं. पुस्तकात सगळीकडे डायब्रोमो छापतात, ते कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या द्रावकात बरोबर आहे.

फरक कसा ओळखायचा? प्रतियोजनात प्रत्येक ब्रोमीनमागे हायड्रोजन ब्रोमाइडचा एक रेणू बाहेर पडतो. नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरा, लाल होतो. समावेशनात असं काही बाहेर पडत नाही.

मोलभर · मंगळवार, सकाळी ८.०२

सहसंयुज, तुमच्याच पोस्टमध्ये तुमची चूक आहे. :)

वर म्हणता पाणी हल्ला करतं. पाण्याने हल्ला केला की ब्रोमोअल्कोहोलबरोबर हायड्रोजन ब्रोमाइडही तयार होतं! म्हणजे ब्रोमीन *जल* वापरलं तर सायक्लोहेक्झीनच्या नळीतलं पाणीसुद्धा आम्लधर्मी होणार. मुलांनी लिटमस द्रावात बुडवला तर दोन्हीकडे लाल. शिवाय ब्रोमीन शिल्लक असताना लिटमस धरला तर तो लाल होऊन पुढे चक्क पांढरा पडतो, कारण ब्रोमीन रंग उडवतं. लिटमसची कसोटी कोरड्या द्रावकात आणि रंग पूर्ण गेल्यावरच करायची.

सहसंयुज · मंगळवार, सकाळी ८.१५

कबूल. शंभर टक्के कबूल. घाईत लिहिलं.

पण मग शाळेत कोरडं ब्रोमीन द्रावण आणायचं कुठून? द्रवरूप ब्रोमीनची बाटली शाळेत उघडायला मी तरी कुणाला सांगणार नाही. ५९ अंशांना उकळणारा जड, तांबडा द्रव, खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ निघत राहते. कातडीवर पडलं तर खोल जखम होते.

मोलभर · मंगळवार, सकाळी ८.२३

बाटली कशाला? ताईंच्या नळीत ते आयतं तयार आहे. वरचा नारिंगी थर म्हणजेच हेक्झेनमधलं ब्रोमीन. ड्रॉपरने तो थर अलगद उचला, खालच्या पाण्याला टोक लागू देऊ नका, आणि कोरड्या नळीत सोडा. झालं.

जुना_जर्नल · मंगळवार, सकाळी ९.००

वा मोलभर! तीस वर्षांत हे मला सुचलं नाही. आम्ही थर ओतूनच द्यायचो.

ज्योत · मंगळवार, दुपारी १.१२

एवढा खटाटोप कशाला? जाळून बघा. संपृक्त असेल तर निळी स्वच्छ ज्योत, असंपृक्त असेल तर पिवळी आणि काजळी. वर चिनी मातीची बशी धरली की काळा डाग. ब्रोमीन नको, काही नको. आम्ही तर हेच केलं होतं.

थेंबेथेंबे · मंगळवार, दुपारी १.२०

+१. सोप्पं आणि मुलांना आवडतंही.

मोलभर · मंगळवार, दुपारी १.४५

मेणबत्ती लावा. पॅराफिन मेण म्हणजे लांबलचक साखळ्यांचे अल्केन, दुहेरी बंध शोधूनही सापडायचा नाही. ज्योत कशी? पिवळी. बशी ज्योतीत धरा, काळी कुट्ट. मग काय, मेण असंपृक्त?

ज्योत · मंगळवार, दुपारी २.०१

मेणबत्ती हा अपवाद झाला. नियम चुकत नाही.

मोलभर · मंगळवार, दुपारी २.३०

अपवाद नाही हो. ज्योतीत दुहेरी बंध दिसत नसतो, दिसतं ते कार्बनचं प्रमाण आणि हवेचा पुरवठा. वजनाने कार्बन किती ते काढून बघा. मिथेनमध्ये ७५ टक्के, हेक्झेनमध्ये ८३.६, इथीनमध्ये (दीर्घ 'ई'वालं, अल्कीन) ८५.७, इथाइन (म्हणजे अ‍ॅसिटिलीन) आणि बेंझिनमध्ये ९२.३. मिथेन आणि इथाइन शेजारी जाळले तर फरक डोळ्यांत भरेल, मान्य. पण सायक्लोहेक्झेन घ्या. सहा कार्बन, बारा हायड्रोजन, पूर्ण संपृक्त, कार्बन ८५.७ टक्के. हेक्झीन घ्या. तेही सहा कार्बन, बारा हायड्रोजन, कार्बन तितकाच. ज्योत यातला फरक कशी सांगणार? ब्रोमीन एका क्षणात सांगतं.

आणि हवेचं म्हणाल तर इथाइनला भरपूर ऑक्सिजन दिला की काजळी कुठल्या कुठे जाते. वेल्डिंगच्या त्या ज्योतीचं तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर असतं.

ज्योत · मंगळवार, दुपारी २.५२

सायक्लोहेक्झेनचा मुद्दा बिनतोड आहे. माघार. तरी वर्गात सुरुवात ज्योतीने करावी असं मला अजून वाटतं. डोळ्यांना दिसतं, मग शंका काढायला मजा येते.

अकरावीतली_अणू · मंगळवार, संध्याकाळी ५.१५

काका, मोलभर दादा, एक बाळबोध प्रश्न. आम्हाला शिकवलंय की सूत्रात हायड्रोजन कार्बनच्या दुप्पट असला की अल्कीन. मग सायक्लोहेक्झेन बारा हायड्रोजन घेऊन संपृक्त कसं?

दुसरा प्रश्न: बेंझिनमध्ये तीन दुहेरी बंध काढतात. मग त्याने तर ब्रोमीनचा रंग तिप्पट वेगाने घालवायला हवा?

जुना_जर्नल · मंगळवार, संध्याकाळी ६.०४

अणू बेटा, बाळबोध अजिबात नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं. सरळ साखळीची दोन टोकं जोडून वलय करायचं तर दोन्ही टोकांचा एकेक हायड्रोजन सोडावा लागतो. दुहेरी बंध करतानाही दोनच सोडावे लागतात. सूत्र फक्त 'दोन हायड्रोजन कमी आहेत' एवढंच बोलतं, ते वलयात गेले की दुहेरी बंधात ते सांगत नाही. ते विचारायलाच तर परीक्षानळी.

बेंझिनची गोष्ट मोठी आहे. फॅरडेने १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या टाकीत साठणाऱ्या तेलकट द्रवातून ते वेगळं काढलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, बालारने खाऱ्या पाण्याच्या उरलेल्या द्रावातून ब्रोमीन काढल्याचं जाहीर केलं. (ब्रोमॉस म्हणजे ग्रीकमध्ये दुर्गंध. ज्याने बाटलीचं बूच काढलंय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.) बेंझिनमध्ये हायड्रोजन एवढे कमी, की ते ब्रोमीनवर तुटून पडेल असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात बेंझिन ब्रोमीन जलाला दाद देत नाही. केकुलेने १८६५ मध्ये वलयाची रचना सुचवली, तरी ते गप्प का बसतं हे कळायला बराच काळ गेला. त्यातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्याही तीन जागी अडकलेले नसतात, साऱ्या वलयावर पसरलेले असतात. ती व्यवस्था मोडायला बेंझिन तयार नसतं. लोह किंवा लोहाचं ब्रोमाइड उत्प्रेरक म्हणून दिलं तर ब्रोमीन घेतं, तेही एक हायड्रोजन सोडून. म्हणजे प्रतियोजनच.

आणि इथेही तोच सापळा! बेंझिनबरोबर ब्रोमीन जल हलवलं की खालचं पाणी फिकं पडतं, वरचा थर नारिंगी होतो. 'बेंझिनने रंग घालवला' असं लिहिलेली जर्नलं मी स्वतः तपासली आहेत. (शाळेत बेंझिन वापरू नका, कर्करोगकारक आहे. दाखवायचंच असेल तर टोल्यूइन, तेही सावलीत.)

अकरावीतली_अणू · मंगळवार, संध्याकाळी ६.२०

म्हणजे नाव आणि सूत्र दोन्ही फसवतात. पॉलिइथिनमध्ये 'इथिन' आहे, तेही संपृक्तच ना?

जुना_जर्नल · मंगळवार, संध्याकाळी ६.२६

शाब्बास. बहुलीकरण होताना दुहेरी बंध उघडून साखळीत खर्ची पडतात. पिशवी ब्रोमीन जलात बुडवून ठेवलीस तरी ती त्याचा रंग घालवणार नाही.

गंधकाचा_धूर · मंगळवार, रात्री ८.४०

वाचतोय आणि जुनी जखम ठसठसतेय. आमच्या महाविद्यालयात इथीन वायू बनवायचा होता. अल्कोहोल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल, १७० अंशांच्या आसपास तापवायचं, निघालेला वायू आधी ब्रोमीन जलात, मग पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणात. माझं तर काय सांगू, पहिल्या बुडबुड्यांतच दोन्ही रंगहीन! छाती फुगवून सरांना बोलावलं. त्यांनी नळीकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "वायू धुतलास?"

धुतला नव्हता. आम्ल तापल्यावर अल्कोहोल करपतं, चंबूत काळं होतं आणि त्याबरोबर सल्फर डायऑक्साइड निघतो. तो ब्रोमीनचाही रंग घालवतो आणि परमँगनेटचाही. माझ्या त्या झटपट निकालात इथीनचा वाटा किती आणि गंधकाचा किती, देव जाणे. मग मधे कॉस्टिक सोड्याची बाटली जोडली, तिच्यातून वायू नेला आणि पुढे नारिंगी डायक्रोमेटचा कागद धरून तो हिरवा होत नाही हे दाखवलं. मग कुठे सही मिळाली. रंग जायला या खेपेला चांगला वेळ लागला, पण गेला तो खरा गेला.

कॅल्शियम कार्बाइडपासून इथाइन बनवणाऱ्यांनाही हेच. कार्बाइडच्या वायूला जो उग्र वास येतो तो इथाइनचा नाहीच, त्यातल्या फॉस्फीन आणि हायड्रोजन सल्फाइडचा. ही मंडळीही दोन्ही अभिक्रियाकारकांचा रंग घालवतात. आम्लयुक्त मोरचुदाच्या द्रावणातून वायू धुवून घ्यावा.

थेंबेथेंबे · मंगळवार, रात्री ८.५५

"वायू धुतलास?" हे आता आमच्या घरात वाक्प्रचार म्हणून वापरणार. :D

काचनळी · मंगळवार, रात्री ९.१०

काय सुंदर चर्चा चालली आहे! उद्या पुन्हा प्रयोग करणार. ब्रोमीन जल जेमतेम आहे, म्हणून सोबत परमँगनेटही करावं म्हणते. काही खाचाखोचा? आणि कुणी म्हणालं की टिंक्चर आयोडीन आणि तेल वापरलं तरी चालतं, ते खरं का?

सहसंयुज · मंगळवार, रात्री ९.३४

परमँगनेटची कसोटी बायर यांच्या नावाने ओळखली जाते. तेच अडॉल्फ फॉन बायर, ज्यांना १९०५ चं नोबेल मिळालं. द्रावण *गार, विरल आणि अल्कधर्मी* हवं. हे तीन शब्द पाठ करून घेतात, पण का ते कुणी सांगत नाही.

विरल, कारण गडद द्रावणातला थोडासा बदल जांभळ्यातच बुडून जातो. फिकट गुलाबी दिसेल इतकंच पुरे. गार, कारण तापवलं तर परमँगनेट पुढे जाऊन कार्बनची साखळीच तोडतं, शिवाय ज्यांना एरवी हात लावला नसता त्यांनाही छळतं. आणि अल्कधर्मी असताना मँगनीज (ऑक्सिडीकरण अंकाने) अधिक सातवरून अधिक चारवर थांबतं आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी अवक्षेप दिसतो. आम्लात तेच अधिक दोनपर्यंत घसरतं आणि द्रावण जवळपास रंगहीन होतं. म्हणून मुलांना आधीच सांगा: इथे 'रंगहीन' होण्याची वाट बघू नका, जांभळा जाऊन चहाच्या गाळासारखं काहीतरी खाली बसेल. अल्क जास्त झालं तर मधेच हिरवी छटाही दिसते, ते मँगनेट. घाबरू नये.

अडचण एकच. परमँगनेट पाण्यात, हायड्रोकार्बन पाण्यावर, दोघांची भेट होत नाही. जोरात हलवावं लागतं. थोडं अ‍ॅसिटोन घातलं तर दोन्ही एकत्र येतात आणि त्या थंड द्रावणात अ‍ॅसिटोन स्वतः लवकर बधत नाही.

उणीव अशी की अल्डिहाइड, फिनॉल, फॉर्मिक आम्ल अशी बरीच संयुगं परमँगनेटवर हाच परिणाम करतात. नमुना हायड्रोकार्बनच आहे हे माहीत असेल तर चिंता नाही.

मोलभर · मंगळवार, रात्री ९.५०

पुरवणी: सायक्लोप्रोपेन. तीन कार्बनचं ताणलेलं वलय. ते ब्रोमीनचा रंग हळूहळू घालवतं, वलय उघडून, पण गार परमँगनेटला दाद देत नाही. म्हणून दोन्ही कसोट्या कराव्यात. गंमत म्हणजे वलयातल्या ताणाची कल्पनाही बायर यांचीच, १८८५ मधली.

अनुमापक · मंगळवार, रात्री १०.१५

आयोडीनबद्दल मी बोलतो, रोजचं काम तेच. तेलांच्या प्रयोगशाळेत आहे.

आधी एक सुधारणा. तेल आणि तूप हायड्रोकार्बन नव्हेत, ती एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनलेली संयुगं) आहेत. पण त्यांच्या लांब साखळ्यांत दुहेरी बंध असतात आणि कसोटी त्या बंधांचीच असते, म्हणून वर्गात चालून जातं.

टिंक्चर घालून तेल हलवल्यावर रंग फिकट होतो ते अभिक्रियेमुळेच, असं छातीठोकपणे म्हणू नका. आयोडीन तेलात विरघळतं आणि पसरतं. शिवाय नुसतं आयोडीन दुहेरी बंधावर फार आळसाने बसतं आणि उठूनही जातं. म्हणून शेजारी एक नळी लिक्विड पॅराफिनची ठेवा, तितकंच आकारमान, तितकेच थेंब, दोन्ही कोमट पाण्यात. पॅराफिनच्या नळीशी तुलना केल्याशिवाय तेलाच्या नळीबद्दल बोलू नये.

आम्ही आयोडीन वापरतच नाही, आयोडीन मोनोक्लोराइड वापरतो, ते झपाट्याने बसतं. ठरावीक वजनाच्या तेलात ते जास्तीचं घालायचं, बूच लावून ठेवायचं, मग पोटॅशियम आयोडाइड घालून उरलेल्याचं आयोडीन करायचं आणि थायोसल्फेटने मोजायचं, शेवटी स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. १०० ग्रॅम तेलाने किती ग्रॅम आयोडीन घेतलं तो त्याचा आयोडीन अंक. ही मोजणी ह्यूबलने १८८४ मध्ये सुरू केली. खोबरेल तेल १० च्या आसपास, जवसाचं १७० च्या वर. म्हणून जवसाचं तेल रंगात घालतात, ते हवेत सुकून पापुद्रा धरतं. खोबरेल सुकत नाही.

आणि आता तुमच्या धाग्याशी जुळणारी गोष्ट: बूच लावलेला चंबू आम्ही *अंधाऱ्या कपाटात* ठेवतो. नवीन मुलं विचारतात, कशाला? काचनळी ताईंच्या खिडकीमुळे. उजेडात प्रतियोजन झालं तर अंक फुगतो.

जुना_जर्नल · मंगळवार, रात्री १०.४०

झोपण्याआधी काळजीचं बोलतो. ब्रोमीन जल विरलच घ्या, फिकट नारिंगी. हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या. आणि शेजारी सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचं चंचुपात्र तयार ठेवा, सांडलं तर त्यावर ओतायला आणि शेवटी नळ्या त्यात रिकाम्या करायला. हेक्झेन आणि सायक्लोहेक्झीन दोन्ही पेट घेतात, त्या बाकावर बर्नर नको. ज्योत यांची आवड दुसऱ्या दिवशी पुरवा.

सायक्लोहेक्झीनची बाटली फार जुनी असेल तर तीही वापरू नका, हवेशी संयोग होऊन तिच्यात पेरॉक्साइड साठतात. परमँगनेटचे तपकिरी डाग बोटांवर पडतील, ते ऑक्झॅलिक आम्लाच्या विरल द्रावणाने जातात. मग हात भरपूर धुवायचे.

काचनळी · बुधवार, रात्री ८.३०

केला! सविस्तर लिहिते.

या वेळी फळा कोरा ठेवला. हेक्झेन आणि ब्रोमीन जल हलवून नळी स्टँडमध्ये ठेवली आणि एवढंच म्हटलं, "जे दिसतंय ते रंगीत खडूने काढा." दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग परवाचाच मागच्या बाकावरचा म्हणाला, "मॅडम, रंग गेला नाही, वर गेलाय." मला तिथेच पगार मिळाल्यासारखं झालं.

मग मोलभर यांचा ड्रॉपर. नारिंगी थर उचलून तीन कोरड्या नळ्यांत थोडा थोडा घातला. पहिली नळी काळ्या कागदात गुंडाळली, दुसरी खिडकीत उन्हात, तिसरी माझ्या हातात. उन्हातली नळी आधी पिवळी, मग फिकट पिवळी आणि साधारण बारा मिनिटांनी पाण्यासारखी. तोंडाशी ओला निळा लिटमस धरला, कडेपासून लाल होत गेला. एकाने काचकांडीला अमोनियाचं द्रावण लावून तोंडाशी नेलं तर पांढरा धूर! आणि काळा कागद उलगडला तेव्हा आतली नळी जशीच्या तशी नारिंगी. तेवढ्या वेळात मुलांनी पैजा लावल्या होत्या, त्यातल्या निम्म्या हरल्या.

तिसऱ्या नळीत, सावलीत, सायक्लोहेक्झीनचे दोन थेंब सोडले. हलवायची गरजही पडली नाही. थेंब जिथे पडला तिथून रंग विरत विरत खाली गेला, जणू कुणी आतून दिवा मालवावा.

परमँगनेटही केलं. सायक्लोहेक्झीनमध्ये आधी जरा हिरवट, मग तपकिरी गाळ. हेक्झेनमध्ये गुलाबी तसंच राहिलं, फक्त दहाएक मिनिटांनी अगदी किंचित मातकट छटा आली.

थेंबेथेंबे · बुधवार, रात्री ८.४१

ती मातकट छटा! मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो, भेसळ!

जुना_जर्नल · बुधवार, रात्री ८.५८

घ्या थेंबेथेंबे, तुमचा एक थेंब बरोबर निघाला असावा. ताई, शंका फेडायची असेल तर त्याच हेक्झेनचा थोडा भाग परमँगनेटबरोबर चांगला घुसळून घ्या, गाळ आणि पाण्याचा थर टाकून द्या, आणि वरच्या धुतलेल्या हेक्झेनवर ताज्या परमँगनेटने कसोटी पुन्हा करा. अल्कीनचा अंश असेल तर तो पहिल्या खेपेलाच संपलेला असेल आणि दुसऱ्या खेपेला गुलाबी टिकेल.

काचनळी · बुधवार, रात्री ९.०३

शुक्रवारी तास आहे. मागच्या बाकावरच्याच्या हाती देते घुसळायला.